गल्ली सरळ केली तेव्हा

मुकद्दमकी म्हणजे नुसता थाट, असं तुम्हाला वाटतं ना? मग हे ऐका.

अर्जुनीजवळच्या आमच्या गावात मी तेव्हा मुकद्दम होतो. रस्ता, विहीर, तळ्याची पाळ, सगळं माझ्याच गळ्यात. लोकांनी ओटे पुढं सारून सारून गल्ली इतकी अरुंद केली होती, की धानाची बैलबंडी अडली की अर्धा दिवस भांडणात जायचा. गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजारांनी हुकूम दिला, गल्ली सरकारी आहे, सरळ करा. मी सरळ रेघेसाठी दोरी धरली, तर आड येणारा पहिलाच ओटा म्हाताऱ्या सीताबाईचा निघाला.

"तोडा," ती म्हणाली, "पण मुकद्दम, दोरी इथंच थांबवून काऊन राहिले? तुमच्या घरापरेंत ओढा ना!"

सगळं गाव बघत होतं. ओढली. दोरी नेमकी माझ्याच न्हाणीवरून गेली. मागं हटलो असतो, तर उद्या माझं कोणी ऐकलं नसतं. मी कुदळ मागवली, "पयले माही भिंत पडल!" असं जोरात ओरडलो आणि चार घावांत मातीची भिंत आडवी केली.

आत माझे सासरे. सकाळीच पाहुणे म्हणून आलेले, कानानं जरा कमी, अंगभर साबण आणि हातात लोटा.

सासऱ्यांनी लोटा पुढं धरला, दोरीकडं निरखून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जवाईबापू, मी आता सरकारच्या हद्दीत उभा आहो, का तुमच्या?"