पोस्टमनची बायको

बाबू : बाई, पेन्शन तुमच्या नावावर करायची आहे. मालकाचं नाव तेवढं सांगा अन् मोकळ्या व्हा.

देवकाबाई : कागदावर हाये ना लिहिलेलं? मंग वाचा.

बाबू : मी वाचून नाही चालत. बायकोनं आपल्या तोंडानं सांगायचं. आमचे साहेब कडक आहेत, आत बसून ऐकून राहिले.

देवकाबाई : मी लगनापासून त्याईचं नाव नाई घेतलं, बाप्पा.

बाबू : मग सूनबाई, तुम्ही सांगा.

प्रेमलता : अवो बाबूजी, सून सासऱ्याचं नाव घेते का कुठी? तेबी आत्याबाईसमोर!

बाबू : मी इथं नवीन माणूस. ते ब्याऐंशीत रिटायर झाले, तेव्हा मी सौसरच्या पोस्टात होतो. काही ओळख तरी सांगा.

देवकाबाई : याच हापिसात जलम गेला त्याईचा. पांढुर्ण्याची डाक वाटत, अन् नदीपल्याड सावरगावचीबी. गोटमारीच्या जत्रंत दोन्ही गावं गोटे मारून एकमेकाईचे टकुरे फोडत, अन् दुसऱ्या दिवशी हे दोन्हीकडच्या पट्टीवाल्याईले पोस्टकार्ड देत. म्हनत, 'घ्या, पल्याडच्या मामानं खुशाली इचारली.'

प्रेमलता : घरीबी तसेच. माह्या तिन्ही नंदाईच्या वेन्या मामाजीच घालत, मंगच ड्युटीवर जात.

देवकाबाई : डाकेच्या थैलीवानी आवळत! पोरीईचे डोळे वर चढत. गाव हासे, पन याईले काही नाई.

बाबू : बरं, नावाचा अर्थ तरी सांगा.

देवकाबाई : बोट कापलं तं काय बांधता?

बाबू : पट्टी.

देवकाबाई : गरिबाघरचं सांगा ना!

बाबू : फडकं?

देवकाबाई : मी फडकंच म्हनतो. दुसरं काही म्हनलं का त्याईचं नाव येते तोंडात. सासूबाईचे पह्यले लेकरं जगले नाई, म्हून याईचं असं फाटकंतुटकं नाव ठेवलं. नजर नाई लागली पाह्यजे.

प्रेमलता : मामाजी लय छळत. बोटाले काही नसे, तरी वरडत येत, 'देवका, बांधाले आन! काय आनतं, ते बोल पह्यले!'

देवकाबाई : मी म्हनो, लुगड्याचा काठ आनतो. एकडाव तं जामसांवलीले मारुतीसमोर धरलं मले. म्हने, देवाले सांग, कोनाची बायको. मी म्हनलं, पोस्टमनची.

बाबू : म्हणजे एकदाही जिंकले नाहीत?

देवकाबाई : नाई. दवाखान्यात होते, तवाबी तेच. म्हने, आता तरी घे व एकडाव. मी म्हनलं, घरी चाला, मंग घेतो.

प्रेमलता : राहू द्या ना, आत्याबाई.

देवकाबाई : मले वाटलं, त्या लालचीनं तरी उठतीन. त्याईले नाई देल्लं, ते आता या बाबूले देऊ? नको मले पेन्शन. चाल व, घरी चाल.

बाबू : थांबा, बाई. पेन्शन त्यांच्या मेहनतीची आहे, अशी सोडू नका. मला काही सांगूच नका. ते मागच्या खोलीत गावागावाची डाक वेगळी करून राहिले असं समजा, अन् हाक मारा. माझे कान आपले इथं आहेतच.

देवकाबाई : हाक मारू?

प्रेमलता : मारा. पन जोरानं. मामाजीले कमी ऐकू ये.

देवकाबाई : चिंधू... अवो, चिंधूजी!

(टपालावर ठप्पे मारणाऱ्यांचे हात थांबतात.)

बाबू : झालं, बाई. साहेबांनीही ऐकलं. या, इथं अंगठा लावा.

देवकाबाई : थांबा ना जराकसे. रुसून गेलेलं मानूस हाये, ओ द्याले टाइम लागन.