पहिलं बास

...आणि वर मलाच म्हणते, "मावशी, तुझं बोटच थांबत न्हाय." आता तुम्हीच सांगा, एका 'बास'वर कोण थांबतं का?

व्हय, बोटाचंच सांगते. माझ्या बहिणीची शिवांजली बंगळूरला मेंदूचा अभ्यास करते, माणूस चाललेला हात ऐनवेळी आवरतो कसा, त्याचा. म्हटलं, बाई, माझा हात तेवढा दुरुस्त करून दे. का, तर आमचे जावई वीरेशराव मंगळवार पेठेत, आमच्या घरात, पाऊल टाकेनात. "मामी लई वाढतात," म्हणे. आता पोळीवर पोळी, वर तूप, त्यांनी बास म्हणायचं आणि मी वाढायचं, ही रीतच हाय की. पण लेक एकटीच येते, तोंड पाडून... बघवतंय होय?

तर गेले बंगळूरला. तिथं तिनं खुर्चीत बसवलं, डोक्याला यंत्र टेकवलं. टक्‌ टक्‌, कुणी टिचक्या मारल्यागत. "मावशी, बाण दिसला की बटण दाब. पण शिटी वाजली तर दाबायचं न्हाय."

"आणि हे यंत्र मला थांबवणार?"

"न्हाय गं. ते मेंदूतली थांबायची जागा घटकाभर गोंधळवतं. मग कळतं, जागा हीच का दुसरी."

म्हणजे दुरुस्ती राहिली बाजूला, उलट बिघाड. आणि माझ्यात बिघडायला होतं काय? यंत्र चालू असो का बंद, शिटी वाजली तरी मी दाबलंच.

"मावशी, शिटी वाजली की."

"अगं, एकदाच वाजली. आणखी वाजू दे की."

एका 'बास'वर कोण थांबतं का? पहिलं बास मानाचं, दुसरं लाजेचं, खरं बास म्हणजे ताटावर हात आडवा. शिटीला कुठला आलाय हात? पोरगी हसून लोळायची बाकी. म्हणाली, "पहिल्यालाच थांबायचं, एवढं शीक." शिकले बाई, दुपारभर बोटाशी भांडून शिकले.

घरी आल्यावर निरोप धाडला, या, जबरदस्ती न्हाय. आले. एक पोळी वाढली. सवयीनं म्हणाले, "बास, मामी."

मी थांबले. डबा झाकला.

ते ताटाकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. आमच्या ह्यांनी खाकरून सांगितलं, "अगं, पावण्यांना वाढ की."

"बास म्हणालेत."

पाणी पिऊन उठले बिचारे. संध्याकाळी लेकीचा फोन, "आई, ह्यांचं काय चुकलं गं? एका पोळीवर उठवलंस."

मग काय, बाण, शिटी, बटण, सगळं फोनवर समजावलं. राग गेला म्हणा. आता दर रविवारी येतात, तासभर बसतात, छान बोलतात...

घरनं जेवून.