रोबोटांचा मुहूर्त

मुहूर्ताचं तुम्ही मला सांगू नका! बनारसला कॉलेजात असताना आम्ही रोबोटची स्पर्धा ठरवली होती, रात्रभर चालणारी. सरांची अट एकच, "लाइट जाणारच. जनरेटर आणा, नाहीतर परवानगी नाही."

तारीख मी बाबांना विचारली. ते दुर्गाघाटावरचे भटजी. पंचांग उघडून म्हणाले, "मार्गशीर्षातला हा दिवस घे. याच्यासारखा मुहूर्त नाही."

जनरेटरवाल्याला तारीख सांगितली तर तो हसायलाच लागला. "उस दिन? पूरे शहर में शादियाँ हैं, भइया!" तंबूवाल्याकडे तेच, हलवायाकडे तेच.

घरी येऊन म्हणालो, "बाबा, ज्या दिवशी कोणी लग्नाचं नावही काढणार नाही, असा दिवस द्या."

"असा यजमान जन्मात पाहिला नाही," असं पुटपुटत त्यांनी पौषातली, म्हणजे तिकडच्या लोकांच्या खरमासातली, तारीख दिली.

जनरेटरवाला खूश! एक मागितला, तर दोन द्यायला तयार. "पर खरमास में कार्यक्रम काहे का?"

"रोबोट की प्रतियोगिता है."

"हाँ हाँ, रोबोट!" त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "लड़की के घरवाले नहीं मान रहे न? चिंता मत कीजिए, हम किसी को नहीं बताएँगे."