सावरखिंडीतला हुंकार

ऐका रे पोरांनो. जवळ सरका. धूर लागला तर लागू द्या, डासांपेक्षा बरा. आणि हुंकार द्यायचा बरं का! मी बोलले की "हं" म्हणायचं. भिंतीला गोष्ट सांगायची सवय नाही मला. ए नामदेव, तो मोबाईल पालथा घाल आधी. तोंडावर उजेड पडलाय, तूच भूत दिसायला लागलास.

हां. तर ही गोष्ट धवळूकाकाची. सख्खा काका नव्हे हो, माझ्या बाचा जोडीदार. धवळूकाका थाळीवर कथा गायचा. तुम्ही बँजो पाहिलाय, डीजे पाहिलाय. थाळी वाजताना कुणी पाहिली आहे का? नाही ना? जेवायची नव्हे रे खादाडा! काशाची थाळी असायची. तिच्या मधोमध मधमाशीचं मेण थापायचं. त्या मेणात सराच्या गवताची लांब काडी उभी रोवायची. मग बोटं ओली करून काडीवरून वरून खाली ओढायची. हळू. गाईचं दूध काढतात ना, तशी. आणि थाळी बोलायची. हूंऽऽऽ... हूंऽऽऽ... त्या नादावर काका गायचा. धरती कशी झाली, धान कसं आलं, पहिला माणूस कसा मेला. रात्रभर!

पण एकट्याला नाही गाता यायची ती कथा. समोर हुंकार देणारा लागायचा. एक ओळ गायली की त्यानं "हं" म्हणायचं, मगच पुढची ओळ. हुंकार नाही, तर कथा जागच्या जागी थांबते. असा आमच्यात नेमच होता. आणि काकाला हुंकार द्यायचा माझा बा, रावजी. जन्मभर दिला. दुसऱ्या कुणाचा हुंकार काकाला चालायचा नाही. काकी म्हणायची, यांचं लग्न माझ्याशी झालंय का रावजीशी!

आणि मग माझा बा मेला. ताप आला, गेला.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या दिवसाला रात्री थाळी वाजते. कथा गाऊन मेलेल्याला वाट दाखवायची. इथून ओहोळ लागेल, मग डोंगर लागेल, मग दार. कोंबडा आरवायच्या आत त्याला दारापर्यंत पोहोचवायचा. नाही पोहोचवला तर तो वाटेतच राहतो. ना इथला, ना तिथला. कळलं का? एवढं नीट ध्यानात ठेवा.

तर बाच्या दिवसाला थाळी कोण वाजवणार? धवळूकाकाच! पण तो राहायचा डोंगरापलीकडं, सादडपाड्याला. आणि त्या दिवशी तो सकाळपासून उंबऱ्यावर बसून राहिला. थाळी मांडीवर. काकी म्हणाली, "अहो, निघा की." हा म्हणाला, "कुणाच्या हुंकारावर गाऊ गं मी?" दुपार झाली, ऊन उतरलं, हा तिथंच. शेवटी काकी चिडली. "तुम्ही नाही गेलात तर रावजीभाऊ वाटेवर राहील. चालेल तुम्हाला?"

तेव्हा उठला. थाळी फडक्यात बांधली, पाठीला लावली, मेण आणि काडी त्याच फडक्यात खोवली. बाहेर येतो तर दिवस बुडालेला! गाडीरस्त्यानं आलं तर मध्यरात्र उलटते. जवळची वाट एकच, सावरखिंडीची. त्या खिंडीत एक पाडा होता पूर्वी. पटकी आली आणि सगळा पाडा गेला. सगळा! माणसं पुरायला माणूस उरला नाही, तर थाळी कोण वाजवणार? म्हणून अंधार पडल्यावर तिकडं कुणी फिरकत नाही. काकी ओरडली, "खिंडीतून नका जाऊ!" पण काका गेला. काय करील बिचारा?

चैताचे दिवस. चांदणं असं पडलेलं की पायाखालचा खडा दिसावा. मोहाची फुलं गळत होती. टप. टप. टप. सगळ्या रानात तो गोड वास भरलेला. आधीच मन दगडासारखं जड, त्यात तो वास. काका मला सांगायचा, जिवले, मी चालत होतो का झोपेत होतो, मलाच कळत नव्हतं.

खिंडीच्या तोंडाशी पोहोचला आणि घांगळी वाजली.

घांगळी म्हणजे दोन भोपळ्यांचं वाद्य, मध्ये बांबूची दांडी, वर तारा. बारीक आवाज असतो, कानाशी कुणी कुजबुजावं तसा. काका थांबला. इकडं बघतो, तिकडं बघतो. कुणी नाही! एका सावरीच्या फांदीला घांगळी टांगलेली, आणि तारा आपोआप हलताहेत. सूर कुठला? काकाची आई जात्यावर म्हणायची तो! आई जाऊन किती वर्षं झाली होती. काकाचे डोळे भरले. खाली बसावं, ऐकावं, डोकं टेकावं, असं झालं त्याला. बसला असता तर संपला होता. पण मनात आलं, रावजी वाट बघतोय. आणि निघाला. मागं घांगळी वाजतच राहिली, लांब, लांब, मग थांबली.

हुंकार द्या रे! झोपलात काय?

पुढं गेला, तर मोकळं मैदान. तिथं पावरी! पावरी ऐकली आहे का तुम्ही? भोपळ्याला दोन नळ्या आणि पुढं ताडाच्या पानाचा मोठा भोंगा. वाजवणारा दम तोडत नाही, गाल फुगवून नाकानं श्वास घेतो, सूर चालूच. ती ऐकली की पाय गप्प बसत नाहीत. मैदानात फेर धरलेला! बाया, गडी, हातात हात, कमरेला हात. गोल गोल गोल. पैंजणाचा आवाज नाही. पायाची धूळ उडत नाही. आणि काका सांगायचा, मोहाची फुलं वरून गळत होती ना, ती त्या माणसांच्या डोक्यावर थांबत नव्हती गं. सरळ जमिनीवर पडत होती. टप.

हे बघून पळायचं की नाही? पण पाय! पाय गेले की फेरात! एका बाईनं हात धरला, दुसरीकडून एका गड्यानं धरला. हात थंडगार, माठाच्या बुडासारखे. काका नाचला. किती वेळ नाचला कुणास ठाऊक. त्याला गोड वाटत होतं, हेच वाईट! दुःख सगळं पातळ होत चाललेलं. कुणासाठी निघालो होतो, तेही आठवेना. तेवढ्यात एका गिरकीत पाठीवरची थाळी खडकाला लागली. ठाण्ण! तो आवाज कानात शिरला आणि काकाला आठवलं, रावजी! हात हिसकला आणि सुटला. पळाला, ठेचाळला, पुन्हा पळाला. मागून कुणी आलं नाही. कशाला येतील? पुढं होतीच की माणसं.

थोडं पुढं गेला तर दिवा दिसला. घर दिसलं. कुडाचं घर, अंगणात मांडव, मांडवात माणसं दाटीवाटीनं बसलेली. काकानं सुटकेचा श्वास सोडला. आलं बाबा रावजीचं घर! त्याला वाटलं, खिंड मागं पडली. इथंच चुकला तो. रात्री मांडव दिसला, मधे दिवा, भोवती गप्प बसलेली माणसं, तर कथा गाणारा माणूस दुसरं काय समजणार? मेलेल्याचं घर समजणार. आता घर मेलेल्यांचंच होतं, ते वेगळं!

एक म्हातारी पुढं आली. "आलास बाबा? उशीर केलास. बस." बसायला घोंगडी टाकलेली. दिव्याजवळ पाण्याची वाटी, बोटं बुडवायला. सगळं जिथल्या तिथं. काका बसला. मेण थापलं, काडी रोवली, बोटं भिजवली. मान वर करून विचारलं, "हुंकार कोण देणार?"

काकानं डोळे मिटले आणि पहिली ओळ गायली.

आणि समोरून आला, "हं."

पोरांनो, काकाच्या अंगावर काटा आला. तो हुंकार माझ्या बाचा होता! थोडासा घोगरा, शेवटी जरा वर जाणारा. लाखात ओळखला असता काकानं. डोळे उघडले. समोर बा बसलेला. तसाच, मांडी घालून, गुडघ्यावर हात. दिव्याच्या उजेडात हसत होता.

घाबरला का काका? नाही रे! त्याला कळलं सगळं. हे रावजीचं घर नाही, ही माणसं जिवंत नाहीत, रावजी अजून वाटेवर आहे म्हणून यांनी त्याला आपल्यात ओढलंय, हे सगळं एका क्षणात कळलं. आणि तरी तो गात राहिला! म्हणाला, जिवले, मला वाटलं, आता कशाला उठायचं? रावजी इथंच आहे. रात्र अशीच राहू दे, थाळी अशीच वाजू दे. मी गायचं, त्यानं हं म्हणायचं. मला दुसरं काय हवं होतं गं?

थाळी म्हणे अशी कधी वाजलीच नव्हती. हूंऽऽऽ... सगळा डोंगर तिच्या नादात तरंगायला लागला. धरती झाली. हं. पाणी आलं. हं. धान आलं. हं. मांडवातली माणसं जवळ जवळ सरकायला लागली. चांदणं कललं. काकाच्या बोटांना गारवा चढला, मनगटाला चढला, कोपरापर्यंत आला. त्याला काही वाटत नव्हतं. छातीपर्यंत आला असता तर माझ्या काकाची कथा तिथंच संपली असती.

पहिला माणूस मेला, अशी ओळ आली. काकानं गायली.

हुंकार नाही!

काकानं पुन्हा गायली. हुंकार नाही. "रावजी, हुंकार दे की रे!" नाही. काका चिडला. जन्मात जे झालं नव्हतं ते झालं. वर बघतो तर बानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं! डोळ्यांतून पाणी, मान हलवतोय, नाही, नाही, नाही.

का दाबलं असेल, सांगा. अरे, त्याला माहीत होतं, हुंकार थांबला की कथा थांबते. कथा थांबली की धवळू उठेल. माझ्या बाला नको होता का जोडीदार? हवाच होता! पण त्यानं तोंड दाबलं.

थाळी मुकी झाली. आणि मग बाकीचे सुरू झाले. "हं!" इकडून. "हं! हं!" तिकडून. बेताल, भुकेले आवाज! "पुढं काय झालं? आमचं नाव घे! पुढं काय झालं?" म्हातारीनं थाळीची कड धरली. काकानं ओढली. तिनं ओढली. काडी मोडली, मेणातून निघाली, तिच्या हातात राहिली. थाळी काकाच्या हातात! आणि काका उठला तो पळत सुटला. दगड नाही, काटा नाही, काही बघितलं नाही. मागून सगळा पाडा विचारत होता, "पुढं काय झालं? पुढं काय झालं?" खिंडीच्या उतारापर्यंत तो आवाज आला.

आमच्या अंगणात काका येऊन पडला तेव्हा मी दारातच होते. लग्नाच्या वयाची होते मी. बरीच माणसं कंटाळून घरी गेलेली, आई रडून रडून भिंतीला टेकलेली. पूर्वेला उजळायला आलं होतं. काकाचे हात बघितले तर पांढरे पडलेले. एवढंच म्हणाला, "काडी दे गं पोरी. काडी!"

मी घराच्या कुडातून एक काडी ओढून दिली. त्यानं मेणात रोवली. "हुंकार कोण देणार?" मी म्हटलं, "मी देते." गडीमाणसं कुजबुजली, बाईमाणूस कसं देईल? काका खेकसला, "गप्प बसा! रावजीची आहे ती." आणि मी दिला. माझा आवाज फाटत होता, तरी दिला. काका धावत गायला. ओहोळ आला. हं. डोंगर आला. हं. दार आलं.

मग त्यानं हात वर केला. मला म्हणाला, "ही शेवटची ओळ. आता तू गप्प. आता रावजीला विचारायचं. तो वाटेत असेल तर तोच हुंकार देईल. दारात गेला असेल तर काही ऐकू येणार नाही."

काकानं ओळ गायली. दार उघडलं रे, गेलास का?

आम्ही सगळ्यांनी कान दिला. आई उठून बसली. थाळीचा नाद विरत विरत गेला. मला वाटत होतं, यावा, एकदा यावा बाचा आवाज! आणि वाटत होतं, नको, येऊ नये. कोंबडा आरवला.

काही आलं नाही.

काका म्हणाला, "गेला." आणि लहान पोरासारखा रडला. मी पण रडले. पण बरं वाटलं रे. खरंच सांगते, लय बरं वाटलं.

तर पोरांनो, सावरखिंडीच्या वाटेनं रात्री जायचं नाही. कितीही घाई असू दे, गाडी पंक्चर होऊ दे, चांदणं कितीही छान पडू दे. त्या बिचाऱ्यांची कथा अर्धी राहिलीय. पहिला माणूस मेला, इथपर्यंतच ऐकलीय त्यांनी, आणि त्यांना वाटेला लावणारं कुणी नाही. मला वाईट वाटतं त्यांचं. पण ती म्हातारी अजून मोडकी काडी घेऊन बसलीय. कुणी जिवंत माणूस दिसला की ती गोड आवाजात कथा सुरू करते आणि थांबते. तुम्ही "हं" म्हणण्याची वाट बघते.

म्हणायचं नाही. दोन्ही हातांनी तोंड दाबायचं आणि चालत राहायचं. माझ्या बाला जमलं ते. तुम्हालाही जमेल.