हूं म्हणणारं माणूस

— अगो नखाने नको, नखाने नको! नख लागलं की वाल दुभंगतो, आणि मग शिजताना बिरड्याचा नुसता लगदा होतो. चिमटीत धर, मोडाच्या बाजूने, आणि मागून हळूच दाब — बघ, कसा सुळकन बाहेर आला. हां. आणि नखांवर काय काढलंयस ते, चांदण्या? नाही नाही, छान आहेत, नावं नाही ठेवत मी. आमच्या वालांनी कधी चांदण्या पाहिल्या नाहीत एवढंच. पाणी कोमट आहे ना अजून? मग चालू दे तुझं.

गोष्ट? सांगते ना. त्याच्यासाठीच तर बसवलंय तुला. पण आत्ता नाही. उन्हं अजून केळीच्या शेंड्यावर आहेत, ती तिथून उतरली, विहिरीच्या कठड्याआड गेली, की मग. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. हसतेस काय? मामा आहे ना तुला? कुठे असतो? नालासोपाऱ्याला — मग तो रोजच चुकत असेल बिचारा, त्याच्या वाटेवर आणखी माझं ओझं कशाला! काय म्हणालीस, मोबाईलमधली बाई रस्ता सांगते त्याला? ती होय! ओळखते मी तिला. आमच्या सदानंदाला, माझ्या मुलाला, तिने एकदा उजवीकडे-डावीकडे करत थेट कळंबच्या वाळूत नेऊन उभं केलं आणि म्हणाली, पोचलात. पुढे समुद्र! लग्नाला निघालेलो आम्ही, मी काठापदराचं नेसलेली. सदा तिला म्हणतो, ‘अहो पण हॉल कुठाय?’ — ती गप्प. एकदा बोलून झालं की ती कुणाचं ऐकत नाही. म्हणून म्हणते, मामाची काळजी आपणच घ्यायची.

आणि पूर्वी बाय, एक सांगू का, मला सगळं माहीत आहे हां. ऋतिका, माझी नात, काल फोनवर म्हणाली, ‘आजी, उद्या पूर्वी येईल तुझ्याशी गप्पा मारायला.’ गप्पा मारायला! फुलपाड्याहून दोन रिक्षा बदलून ह्या होळी गावापर्यंत म्हातारीशी गप्पा मारायला कोण येतं गो? तू माझा आवाज न्यायला आलीस. अगो, तोंड एवढंसं नको करूस, मी काय रागावले का? ऋतिकाच्या नाटकात गोष्ट सांगणारीचा आवाज आता माझ्याऐवजी तुझा असणार, आणि मी कुठे थांबते, कुठे सूर वर नेते, ते बघून यायला तुला धाडलंय. बरोबर? बरोबरच. तुझा आवाज गोड आहे, ऐकलाय मी. त्या कंबरदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत तूच ना? तुझ्यावर विश्वास ठेवून आणलं मी ते मलम. कंबर होती तशीच आहे, पण आवाजाला नाव नाही ठेवणार.

तू बघितलीस ना तालीम? मी पण बघितली, मला खुर्ची दिली होती पुढे, गादीवाली. गोष्ट माझी, म्हणजे माझ्या आजीची — ह्या होळी गावातल्या सगळ्या पोरांनी ऐकलेली. चिंगीची कळशी विहिरीत पडते, चिंगी कळशीमागे उतरते, आणि खाली वेगळंच राज्य, एका राणीचं. आता ऋतिकाने विहिरीच्या जागी मोबाईल केलाय. केवढा तो मोबाईल, आमच्या घराच्या दरवाज्याएवढा, आणि चिंगी त्याच्या काचेतून आत जाते! मी म्हटलं, अगो पोरीचा पाय कापेल. तर सगळे हसले. मग पायऱ्या. माझ्या गोष्टीत विहिरीला चार पायऱ्या, आणि पायरी-पायरीवर एकेक चौकीदार. खेकडा म्हणतो, ‘नाव देशील तर खाली जाशील.’ चिंगी नाव देते. बेडूक सावली मागतो, सावली देते. मासोळी हसू मागते, ते पण देते — कळशीच्या नादात पोर काय काय देऊन बसते तिला पत्ताच नाही. आणि ह्यांच्या नाटकात तो बेडूक, हिरवा चमचमता झगा घालून, ‘अलाऊ कर, अलाऊ कर’ असं गाणं म्हणत नाचतो. मला अर्थ सांगितला ऋतिकाने. म्हटलं, पोरी, यात नवीन काय केलंस तू? माझ्या आजीच्या विहिरीत हेच चाललं होतं, फक्त झगा नव्हता.

पण कासव काढलं हो तिने. शेवटच्या पायरीवर कासव असतं माझ्या गोष्टीत. ते काही मागत नाही. सगळे मागतात, कासव तेवढं म्हणतं, ‘मला काही नको बाय, जा तू, मी इथेच आहे.’ ऋतिका म्हणते, ‘आजी, कासव फार स्लो आहे, मुलं कंटाळतात.’ आता कासव स्लो नसेल तर काय करेल, मोटरसायकलवर येईल? आणि त्याला काढलंस तर पुढे अडणार नाही का? चिंगीची आई काठावरून हाक मारते, ती हाक तेवढ्या खोल पोचते कशी? मधे कासव आहे म्हणून. ते वरची हाक खाली सांगतं आणि खालची वर. ते नसलं की आई ओरडतेय वर आणि पोर चाललीय खाली. ऋतिका म्हणते, तिथे आम्ही नेटवर्क गेलेलं दाखवलंय. नेटवर्क! — अगो, सालं त्या दुसऱ्या ताटात टाक, वालात मिसळतायत.

आता तू विचारणार, मग आजी रेकॉर्डिंगच्या दिवशी अडलीस का? विचार, विचार. तुला सांगूनच पाठवलं असणार — आजी हल्ली विसरते. सदा म्हणाला ना? मी बाजूच्या खोलीत होते, पण कान माझे अजून कामावर आहेत. ‘आईला आठवत नाहीये, तिला त्रास नको देऊया.’ प्रेमानेच म्हणाला पोरगा. पण काय झालं ते ऐक.

त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं मला. भिंतींना गाद्या लावलेल्या, भिंतींना! म्हटलं इथे माणसं उभ्याने झोपतात का? काचेच्या पलीकडे तो स्टॅनी, मशीनवाला, पापडी गावचा, बरा मुलगा आहे, माझ्या कानावर काय ते मोठं चढवलं त्याने, आणि म्हणाला, ‘आजी, आता कोणीच आवाज करणार नाही. तुम्ही स्टार्ट करा.’ आणि सगळ्यांना असं तोंडावर बोट ठेवून दाखवलं. ऋतिका चूप, सदा चूप, पंखासुद्धा बंद. मी सुरू केलं. ‘एक होती चिंगी.’ थांबले. ‘तिची होती तांब्याची कळशी.’ थांबले. कोणीच काही म्हणेना. मी काचेतून बघते स्टॅनीकडे, तो मान हलवतो. मानेला आवाज असतो का गो? मी आणखी थांबले. ऋतिका तिथून हातवारे करतेय, बोल, बोल. कसं बोलू? हूं कोण म्हणणार?

तुला नाही माहीत? आईने तुला गोष्टी सांगितल्या नाहीत का कधी? — बरं, असू दे, कामावरून दमून येत असेल ती. ऐक. गोष्ट सांगणाराने एक वाक्य टाकायचं, ऐकणाराने हूं म्हणायचं, मग दुसरं वाक्य. पोर हूं म्हणायचं थांबलं की समजायचं, झोपलं. गोष्ट तिथेच ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथून उचलायची. हूं आल्याशिवाय पुढे गेलं तर ती पायरी हवेत पडते. माझी आजी कधी गेली नाही, मी कधी गेले नाही. तुमच्याकडे ते अंगठे असतात ना, लाईक, सबस्क्राईब — तेच ते, फक्त तुमचे अंगठे गोष्ट संपल्यावर येतात. आम्हाला पायरीगणिक लागतात.

तर तिथे मी थांबले आणि सगळ्यांना वाटलं, विसरले. मी सांगायला गेले तर तोंड उघडायच्या आत सदाने पाणी पुढे केलं, ऋतिकाने पाठीवर हात फिरवला, स्टॅनीने ते कानावरचं काढून घेतलं — सगळे इतके प्रेमाने वागायला लागले की मला बोलायला जागाच उरली नाही. माणूस ओरडलं तर उलट ओरडता येतं. प्रेमाने पाणी दिल्यावर काय करणार, प्यायले.

काय? — हो, बरोबर विचारलंस. ऋतिकालाच हूं म्हणायला सांगता आलं असतं. आलं असतं की. तू हुशार आहेस, चांदण्या आहेत तरी.

नाही सांगितलं एवढं खरं. कारण — तो डबा दे जरा इकडे, झाकणवाला — कारण मला त्या खोलीत वेगळ्याच हूंची सवय निघाली. मलाच माहीत नव्हतं. हे असायचे ना, ऋतिकाचे आजोबा. नाव नाही घेणार मी, दारावरच्या पाटीवर आहे, जाताना वाच. वाडीत दिवसभर पाणी लावून यायचे, जेवायचे आणि ओटीवरच्या बाकावर आडवे. मी आत पोरांना गोष्ट सांगतेय. पोरं दोन पायऱ्यांत गार. मग मी थांबायची, तर बाहेरून आवाज यायचा — हूं. आता कुणी हूं म्हटल्यावर थांबता येतं का? मी पुढे सांगायची. राणी म्हणाली — हूं. राणी रडली — हूं. राणी खड्ड्यात गेली — हूं! काय ऐकत नव्हता माणूस, झोपेत म्हणायचा. मी चेष्टा करायची त्यांची, म्हणायची, तुमच्या घोरण्यालासुद्धा हूं म्हणता तुम्ही. पहिलं पोर झालं तेव्हापासून ऋतिकापर्यंत, हेच.

आणि एकदा मी दमलेली, लवकर आटपावं म्हणून कासव गाळलं. पोरं झोपलेली, कुणाला कळणार! खेकडा, बेडूक, मासोळी आणि एकदम राणीचा वाडा. बाहेर गप्प. हूं नाही. मी म्हटलं, झोपले वाटतं एकदाचे. तर बाकावरून आवाज आला, ‘एक पायरी रायली गो.’

एवढं म्हणाले आणि कूस बदलली. म्हणजे बघ ना, सगळं ऐकत होते. रोज.

मागच्या पावसात गेले ते. त्यानंतर मी चिंगीला खाली उतरवलीच नाही. त्या गाद्यांच्या खोलीत ‘तांब्याची कळशी’ म्हटलं आणि मी वाट बघत राहिले — आणि नाही आला तो आवाज. कसा येणार? स्टॅनीने तर दार पण पक्कं लावलेलं. — बघ, हे मी सदाला नाही सांगितलं, ऋतिकाला नाही सांगितलं, आणि तुला मलमवालीला सांगून बसले. वाल सोलताना जीभ पण सोलली जाते वाटतं. नाही, डोळे चुरचुरतात, त्या सालांचं पाणी उडतं. तुझं पण उडालं का? पूस. पदर घे माझा, तुझ्याकडे कुठे पदर!

गेली बघ उन्हं. कठड्याआड गेली. तुझा मामा आता सुखरूप. चल बस नीट, आणि ते वाल राहू देत हातात, हात चालू असले की कान उघडे राहतात. मी सांगते तशी ऐक, कुठे थांबते ते बघून घे, आणि मग जाऊन बोल तुझ्या गोड आवाजात. मी नाही रुसणार. आणि तोंडाने हूं म्हणायचं हां. मान नाही हलवायची.

एक होती चिंगी. — हां, अस्सं, पण इतकं जोरात नको, बकरी दचकेल. — तिची होती तांब्याची कळशी. चिंगी गेली विहिरीवर. कळशी सुटली हातातून, बुडबुडबुड खाली. चिंगी म्हणाली, आई मारेल. उतरली पहिली पायरी. तिथे खेकडा. ‘नाव देशील तर खाली जाशील.’ दिलं नाव. दुसरी पायरी, तिथे बेडूक. ‘सावली देशील तर खाली जाशील.’ दिली सावली. तिसरी पायरी, तिथे मासोळी. ‘हसू देशील तर…’ दिलं हसू. मग चिंगी आली राणीच्या वाड्याशी. वाड्याला सोन्याचं दार, दाराला —

काय झालं? हूं म्हण ना. थांबलीस का?

काय म्हणालीस?

…

परत म्हण.

हो. राहिलं. कासव राहिलं.

आता मुद्दाम गाळलं की विसरले ते विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही, आणि सदाला तर अजिबात कळता कामा नये. राहिलं, आणि तू सांगितलंस, झालं.

ऊठ आता. ऊठ, अंधार पडायच्या आत रिक्षा धर, आई वाट बघत असेल. हे बिरडं घेऊन जा डब्यात, आईला म्हणावं गूळ जरा जास्त घाल. आणि त्या स्टॅनीला सांग, उद्या येते मी. पंखा चालू ठेव म्हणावं, आणि माईक दोन लाव. एक माझ्यापुढे आणि एक तुझ्यापुढे. ऋतिकाला सांग, कासवाला पण झगा शिवायला टाक, साधाच, चमकणारा नको.

जा. पाटी वाचून जा दारावरची. मोठ्याने वाच — मला वाचता येत नाही.