पाच किलोमीटरवरचा डोंगर

(चुनखडीच्या खाणीशेजारची लहान धावपट्टी. हवामानाच्या नोंदी घेण्याच्या खोलीवरची गच्ची. सकाळचे साडेआठ.)

ग्यानोबा: आवो मॅडम, चार हजार मीटर लिहिता तिथं पाच हजार लिहा की. एका हजारानं काय बिघडतंय?

मृण्मयी: काका, ही बाजारातली घासाघीस नाही. इथं विमान उतरवायला यंत्र नाही. वैमानिक डोळ्यांनी बघून उतरतो, म्हणून पाच किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं. मला दिसत नसेल तर मी कसं लिहू?

सिंधु: नगं लिहू, बाई. पण मी खालच्या बाकावर बसून बसून त्या बाकाचीच झाले. गेल्या मंगळवारी बसले, शुक्रवारी बसले, आज फिरून मंगळवार. लाडू तिसऱ्यांदा वळलेत.

मृण्मयी: तिसऱ्यांदा कशाला?

सिंधु: आधीचे दोन डबे ह्यांनी खाल्ले.

ग्यानोबा: विमान रद्द झालं अन् डिंकाचे लाडू घरी आले. फेकून देऊ का? बाळंतिणीला ताकद पोचली न्हाई, मला तरी आली.

मृण्मयी: बारसं कधी आहे, काकू?

सिंधु: उद्या सकाळी, पुण्यात. आमच्या शिल्पाची पहिली पोरगी. सासू हाय, आत्या हाय, समदे हायेत. पण पाळणा म्हणायला कोणी न्हाई. मोबाइलवर लावतो म्हणतेत.

मृण्मयी: मग गाडीनं का नाही गेलात?

ग्यानोबा: तेरा तास लागतेत. हिची कंबर तासाभराच्या वर बसू देत न्हाई. अन् तिकीट हाय ना. धावपट्टीत ज्यांचं रान गेलं, त्यांना सिमेंट कंपनीकडून वर्षाला घरटी एक फेरी फुकट. सहा वर्षं झाली, ही एकदा बसली न्हाई.

सिंधु: भ्या वाटायचं. आता कुठं मन घट्ट केलं, तर ही पोरगी चार हजार लिहून राहिली.

मृण्मयी: मलाही बरं वाटत नाही हो. लातूरला भौतिकशास्त्र शिकत होते तेव्हा कुणाचं बारसं माझ्या आकड्यावर अडेल असं वाटलं नव्हतं. पण नऊला माझा अहवाल जातो, तो बघूनच पुण्याहून विमान सुटतं. हा तक्ता बघा. खुणा आधीच ठरवून दिल्यात. पाण्याची टाकी, आठशे मीटर. दिसते. चिमणी, दीड किलोमीटर. दिसते. शाळेचं लाल छप्पर, चार किलोमीटर. तेही दिसतं.

ग्यानोबा: आवो, छपरावरचं माकड बी दिसतंय.

मृण्मयी: आणि त्यानंतर पाच किलोमीटरला बोडखा डोंगर. तो दिसत नाही. आज माझा अकरावा दिवस, एकदाही दिसला नाही. खाणीची धूळ असेल, नाहीतर थंडीचं धुकं.

सिंधु: कुठला डोंगर म्हणलीस?

मृण्मयी: बोडखा. तिकडे, ईशान्येला.

सिंधु: अवो, ऐकून राहिले का?

ग्यानोबा: ऐकून राहिलो. तू हसू नकोस, वाईट वाटंल तिला.

मृण्मयी: काय झालं?

ग्यानोबा: मॅडम, बोडखा आता न्हाई.

मृण्मयी: म्हणजे धुक्यात...

ग्यानोबा: धुक्यात न्हाई, सिमेंटात. इथं हमालीला लागायच्या आधी मीच तिथं सुरुंगाची भोकं पाडायला होतो. वरून खाली खात आले. गेल्या पावसाळ्यात ढोपराएवढा उरला होता. आता खड्डा हाय. बदकं येतेत त्यात.

मृण्मयी: म्हणजे अकरा दिवस मी नसलेल्या डोंगराची वाट बघतेय?

सिंधु: अन् आमी तुझी.

मृण्मयी: पण माझ्या आधी बालाजी होते ना इथं? ते पाच हजार कसे लिहायचे?

ग्यानोबा: बालाजी गावातलाच. त्याला कशाला लागतोय तक्ता? चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा. ‘आज बोडखा असता तर दिसला असता’ म्हणायचा, अन् लिहायचा.

मृण्मयी: असता तर?

ग्यानोबा: हाव. अन् एकदा बी चुकला न्हाई.

मृण्मयी: मला ते नाही जमणार.

सिंधु: जमवूच नगं. बोडख्याच्या मागं काय दिसतंय ते बघ की. तो होता तवर मागचं झाकलेलं होतं, आता समदं उघडं हाय. ते बारीक पांढरं दिसतंय का? टोकाला निमुळतं?

मृण्मयी: थांबा. हो, दिसतंय.

सिंधु: माझ्या बहिणीच्या गावातलं देऊळ. दसऱ्याला चुना दिला त्याला, म्हणून चमकतंय.

मृण्मयी: किती लांब आहे?

ग्यानोबा: दोन कोस.

मृण्मयी: कोसावर विमान उतरत नाही, काका. नकाशावर मोजते. गावाचं नाव काय म्हणालात? सापडलं. आपल्या गच्चीपासून सहा किलोमीटर दोनशे.

ग्यानोबा: दोन कोसच झाले की.

सिंधु: मग लिही आता.

मृण्मयी: असं परस्पर नाही लिहिता येत. साहेबांना विचारते. हॅलो, मल्लिनाथ सर? पाच किलोमीटरची खूण गेलीय. नाही सर, धुळीत नाही, खाणीत. हो, अख्खा डोंगर. मला आज कळलं. आधी कुणाला विचारलं नाही, चूक माझीच. मागच्या दोन्ही फेऱ्यांचे अहवालही चुकीचे असणार, तसं लिहून देते. नवी खूण मिळालीय, सर. देवळाचं शिखर, दुर्बिणीशिवाय स्वच्छ दिसतं. हो, फोटो आणि अक्षांश-रेखांश लगेच पाठवते.

सिंधु: काय म्हणला?

मृण्मयी: आधी खूप वेळ हसले. मग रागावले. मग म्हणाले, मोजमाप तपासतो, बरोबर असेल तर सहा हजार लिहा.

ग्यानोबा: सहा? आमी तर पाचच मागून राहिलो होतो.

मृण्मयी: दिसतंय तेवढं लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. हा आला बघा त्यांचा निरोप. नऊला सात कमी. पाठवते अहवाल.

सिंधु: अन् आता?

मृण्मयी: आता पुण्याचं उत्तर येईपर्यंत बसा.

ग्यानोबा: बसायची सवय हाय तिला.

मृण्मयी: तुम्ही खामखा चिडवू नका त्यांना. आलं, उत्तर आलं. साडेनऊला सुटतंय. अकराच्या आत इथं.

सिंधु: आगं बाई. आता मातर खरंच बसायचं. खिडकीत बसू का नगं?

मृण्मयी: खिडकीतच बसा. उडाल्यावर उजवीकडे वळतं, तेव्हा खाली खाण दिसेल.

ग्यानोबा: अन् लेकीच्या घरी भिंतीला हात लावून बघ. बोडखा तिथं बी असंल.

सिंधु: असंलच. ती म्हणतच होती, भिंतीत खिळा शिरत न्हाई. अवो, पिशवी घ्या ती. अन् डबा मीच धरते, तुमचा भरवसा न्हाई. येते गं पोरी. पाळणा म्हणताना तुझं बी नाव घेईन एकदा.

मृण्मयी: माझं कशाला?

सिंधु: डोंगर धुंडाळणारी मावशी म्हणून. सावकाश उतरते मी, तुमी या मागून.

ग्यानोबा: हाव, आलोच. मॅडम, एक विचारू? उडाल्यावर विमान किती वेळ दिसतं?

मृण्मयी: सहा वर्षं इथंच आहात, काका. तुम्हीच सांगा.

ग्यानोबा: बघतंय कोण? ते उडालं की मी सामानाची ट्रॉली आत न्यायला जातो.

मृण्मयी: आज हवा स्वच्छ आहे. देवळापेक्षाही लांब जाईपर्यंत दिसेल. तीनएक मिनिटं.

ग्यानोबा: मग ट्रॉली जरा उन्हातच राहू द्या आज.