पालखीच्या यादीतलं नाव

पटलं तर घ्या. पासलीच्या देवळात बसून मी पालखीच्या खांदेकऱ्यांची जुनी यादी रस्ट या संगणकाच्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये घालत होतो. त्यातला इटरेटर ओळीतून एकेक नाव काढायचा, पण प्रोग्रॅम चालण्याआधी तो तपासणारा कंपायलर अडून बसला. शेजारी बसलेल्या गुरव तात्यांना मी सांगितलं, "मूळ ओळ पुसली जाणार, मग तिच्यातली उसनी नावं मागं ठेवू नको म्हणतोय."

शेवटी प्रत्येक नावाची स्वतंत्र प्रत काढली आणि चाललं. तपासायला नावं मोठ्यानं वाचू लागलो. "सखाराम धोंडू" म्हणालो, तर रिकाम्या मंडपातून "व्हय" आलं, पालखीच्या हजेरीला देतात तसं.

तात्या हळूच म्हणाले, "सखाराम मागल्या साली गेला. मशीन सांगत व्हतं, नाव मागं ठिवू नको. ऐकायचं व्हतंस."